स्वतःहून उघडणारे झाकण

झाकण धाडकन वर उसळले, आणि सुकदेवआप्पांनी दचकून उजवा हात पुन्हा पंच्याखाली लपवला.

“बघितलंत?” ललित म्हणाला. “नुसतं बोट लावलंत तुम्ही.”

भेस्तानमधल्या ललितच्या गॅरेजात भूपेंद्रशेठची जुनी, दोन आसनांची लाल स्पोर्ट्स कार उभी होती. तिच्या डिकीचे मूळ झाकण गंजून गेले होते. नवे झाकण ललितच्या वडिलांनी, आप्पांनी, सपाट पत्र्यातून हातोडीने ठोकून घडवले होते. पत्रा त्यांनी हट्टाने जाड घेतला होता. झाकण पुरे झाले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, वाचा सावरली. उजवा हात मात्र त्या आजारपणातून घरी परतलाच नाही.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. त्यासाठी आणलेला रबरी चेंडू कपाटावर धूळ खात होता.

“हात शे तो, पाहुना नही,” उषाबाई नवऱ्याला चिडवत. “त्याले मांडीवर बसाडी काय ठेवतस?”

“मरेलले कोन उठाडस?” एवढेच बोलून आप्पा भिंतीकडे तोंड फिरवत.

संक्रांतीनंतर शहरात जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरणार होते. भूपेंद्रशेठने आधीच बजावले होते, “सुकदेवभाई, लोकांसमोर डिकी तुम्हीच उघडायची. जेणे बनावी, ए ज खोले!” आप्पांनी साफ नकार दिला होता. लोंबता हात चारचौघांत न्यायचा नव्हता. आणि स्वतः घडवलेली वस्तू डाव्या हाताने उघडणे त्यांना तिचा अपमान वाटे.

म्हणून ललितने झाकणाला गॅसच्या नळ्या बसवल्या. मोटारींच्या मागच्या दारांना असतात तशा: काळी नळी, तिच्यातून सरकणारी चकचकीत दांडी, आत कोंडलेला गॅस. भिंतीला टेकवून सगळ्या अंगाचा भार घातला तरी दांडी जेमतेम दबते. “तुम्ही हात फक्त ठेवायचा,” तो म्हणाला होता. “उचलायचं काम यांचं.”

आता आप्पा उसळलेल्या झाकणाकडे संशयाने पाहत होते.

“फार जोर शे. बिजागऱ्या फाटतीन.”

“मग कमी जोराची जोडी लावतो. पण हाताला किती वजन लागतं, ते तुम्हीच सांगायचं. उजव्याच हातानं. डाव्या हाताला पत्रा कळत नाही, असं तुम्हीच म्हणायचात.”

आप्पांनी पंचा बाजूला सारला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, कापड गिरण्यांची धुराडी निळसर होऊ लागली की, आप्पा गॅरेजात येत. डाव्या हाताने उजवा हात उचलून झाकणाच्या कडेखाली ठेवत. ललित कधी जोडी बदली, कधी बोल्टची जागा सरकवी. झाकण कधी जांभई दिल्यासारखे सावकाश उठे, कधी अर्ध्यावर थबके. उजव्या हाताला आता डाव्याने आणून ठेवावे लागत नाही, हे कुणी बोलून दाखवले नाही. काही आनंद असे असतात की त्यांचे नाव घ्यायला भीती वाटते.

झाकण पूर्ण उघडले की ललित जुनी लोखंडी सळी लगेच खाचेत अडकवी.

“नव्या वस्तूवर एकदम भरवसा नको.”

“मंग नळ्या कशाले बसाड्यात?”

“शोभेला.”

“वा! शोभाले!” आप्पा हसत, आणि कपाळ पुसत.

“इतला घाम कसाना?” चहा घेऊन आलेल्या उषाबाई विचारत.

“तुन्हा चहा गरम शे.”

दिवाळी आली. फटाक्यांचा वास गल्लीत रेंगाळत असताना ललितने आणखी एक जोडी बसवली आणि सांगितले, “आता हीच कायम.” त्या संध्याकाळी झाकण बराच वेळ हललेच नाही. आप्पा संतापले, नळ्यांना शिव्या देऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र न बोलावता आले. तिसऱ्या दिवशीही, आणि हळूहळू झाकण पुन्हा उठू लागले.

प्रदर्शनाच्या सकाळी मैदान माणसांनी फुलले होते. आप्पांनी पांढरी टोपी घातली होती; पंचा घरीच राहिला होता. कर्ण्यावरून त्यांचे नाव पुकारले गेले तेव्हा त्यांनी एकदा ललितकडे पाहिले.

“नळ्या दगा नही ना देणार?”

“नाही, आप्पा.”

उजवा पंजा झाकणाच्या कडेखाली गेला. क्षणभर काहीच घडले नाही. आप्पांच्या मानेची शीर तटतटली. मग ते जाड पत्र्याचे, लाल, आरशासारखे झाकण न थरथरता, न थांबता वर गेले. आणि त्यात सारे आकाश डोलताना दिसले.

ललितने सवयीने सळी खाचेत अडकवली. टाळ्या थांबेनात. उषाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, हे त्यांनाही कळत नव्हते. भूपेंद्रशेठने आप्पांना मिठीच मारली.

“मन्हं काही नही, शेठ,” आप्पा संकोचून म्हणाले. “सगळी करामत पोऱ्याना नळ्यांनी.”

मग ते लोकांना झाकणाचा बाक हातवारे करून समजावू लागले. भूपेंद्रशेठने ललितला बाजूला घेतले. “माझ्या दुसऱ्या गाडीलाही अशीच जोडी पाहिजे. एकदम आवी ज!”

ललितने सळी नीट अडकली असल्याची खात्री केली, एक नळी सोडवली आणि त्यांच्या हातात दिली. शेठने ती चाकाला टेकवली, सगळी ताकद एकवटून दांडी दाबली, आणि तोल जाऊन पुढे झुकले. दांडी सुरीसारखी आत गेली होती आणि तिथेच राहिली होती.

“अरे, यात तर गॅस ज नथी!”

“दिवाळीपासून नाही,” ललित हलक्या आवाजात म्हणाला.