सेंगाचा नवा दर

“हात काढ त्या चकतीवरून,” सेंगा म्हणाली.

आर्ची गॅलब्रेथने हात काढला नाही. गॅसवर चालणाऱ्या हीटिंगच्या थर्मोस्टॅटची चकती तेवीस अंशांवर होती. बाहेर क्लाइड नदीवरून येणारा वारा ग्रीनॉकच्या छपरांवर गारा आपटत होता. आत सेंगा म्यूरहेड बिनबाह्यांच्या झग्यात बसून वर्तमानपत्राने वारा घेत होती, आणि स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडी होती.

आर्ची तिच्या घराच्या थेट वरच्या घरात राहत असे. तंत्रमहाविद्यालयात मोजमापशास्त्र शिकवून तो निवृत्त झाला होता. त्या जिन्यावरच्या सर्वांचे गॅसचे आणि विजेचे करार तोच पाहत असे. सेंगाच्या ठरावीक दराची मुदत आज संपत होती. आज नवी कंपनी निवडली नाही, तर उद्यापासून तिला जुन्या कंपनीचा चढा दर लागू होणार होता, आणि शर्टांच्या कारखान्याच्या पेन्शनीत तो बसण्यासारखा नव्हता. म्हणून आर्ची लॅपटॉप घेऊन खाली आला होता. त्याने मीटरचा आकडा वाचला, भिंग लावून पुन्हा वाचला, आणि वर्षाचा वापर काढला. उत्तर पाहून त्याला आपलीच चूक झाली असे वाटले. चूक झाली नव्हती.

“इतक्या गॅसवर बेकरी चालते, सेंगा. चोरून पाव विकतेस काय?”

“विकले तर तुला शिळेच देईन.”

“हसण्यावारी नेऊ नकोस. माझं घर बघ. तेवढ्याच खोल्या, त्याच भिंती. माझं हीटिंग गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे, तरी घर उबदार. का? शिस्त! उजेड आहे तोवर पडदे ओढून घ्यायचे. दाराच्या फटीला कापडाची वळकटी लावायची. डॉक्टर म्हणाला, छाती नाजूक आहे, गारठ्यात राहू नका. राहिलो का?”

“नाही राहिलास. शहाणा आहेस.” सेंगाने ओटच्या बिस्किटांची बशी पुढे सरकवली. “खा, आणि ती दुसरी योजना लावून टाक.”

लॅपटॉपच्या पडद्यावर दोन योजना होत्या. पहिलीत स्थिर आकार अगदी कमी होता, पण युनिटचा दर जास्त होता. ती काटकसरी माणसांची योजना. आर्चीने स्वतःसाठी तीच घेतली होती. दुसरीचा स्थिर आकार जबर होता, पण युनिट स्वस्त होते. भरपूर गॅस जाळणाऱ्यालाच ती परवडली असती. सेंगाने आजच्यासारखाच गॅस जाळायचा म्हटले, तर त्या दुसऱ्या योजनेतही तिला बोटीचा खर्च सोडावा लागणार होता. बोटीने ती दर महिन्याला रॉथसेला बहिणीकडे जात असे.

“बहिणीला भेटणं बंद होईल,” आर्ची म्हणाला.

“ती येईल इकडे.”

“तिला बोटीत उलट्या होतात. तूच सांगतेस.”

“मग फोनवर भांडू. तिला काय, भांडण झाल्याशी मतलब.”

आर्चीचा आवाज चढला. “तुझं कपाळ घामाने भिजलंय. खिडकी उघडी टाकून तू अख्खा रस्ता तापवतेस. मी ही चकती खाली आणतो, पहिली योजना लावतो, आणि तू खुशाल रॉथसेला जा. नको असेल तर कारण सांग. एक कारण सांग, मी गप्प बसतो.”

सेंगाने वर्तमानपत्राची घडी केली. ती मांडीवर ठेवली. पुन्हा उलगडली.

“गरम हवा कुठे जाते, मास्तर? पोरांना शिकवायचास ना?”

आर्चीने नकळत वर पाहिले. लाकडी तुळया, त्यांना पातळ गिलावा. या छतावरच त्याच्या बैठकीची खुर्ची होती.

“गेल्या हिवाळ्यात तू इस्पितळातून घरी आलास तेव्हा सारखा खोकायचास,” सेंगा म्हणाली. “इथं बसून ऐकायचे मी. वर येऊन सांगितलं, हीटिंग लाव रे. तू म्हणालास, स्वेटर आहे. तुझ्याशी कोण डोकं फोडणार? मी खाली आले आणि ही चकती फिरवली. हळूहळू खोकला थांबला. मग तू जिनाभर सांगत सुटलास, पडद्यांचा गुण आला म्हणून. म्हटलं, असू दे पडद्यांचा.”

आर्चीला बोलायचे होते. त्याने घसा खाकरला, आणि खाकरताना सेंगाची नजर झटकन त्याच्या छातीवर गेली, हे त्याला दिसले. मग तो टेबलाशी येऊन बसला, चष्मा पुसला आणि पहिली योजना निवडली.

सेंगा उठून उभी राहिली. “अरे, एवढं सांगूनसुद्धा? दगड आहेस की माणूस?”

आर्ची पुढची पाने भरत राहिला. शेवटच्या पानावर नव्या कंपनीचा एकच प्रश्न उरला होता : घरात किती माणसे राहतात?

त्याने दोनचा आकडा दाबला.

“दोन?” सेंगा त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. “आणि दुसरं कोण?”

“चकती एकोणीसवर आण,” आर्ची पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “यापुढे ऊब वर पाठवू नकोस. मीच खाली येत जाईन.”