नऊ जोड चपला

पायरीखाली चपला काढताना विनीत सरांनी आधीच्या चपला मोजल्या. नऊ जोड.

"यात बोटवाल्यांचे किती असतील?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांच्या हाताखालचा निलेश वाकून चपलेचा पट्टा सोडवत राहिला.

भास्करशेट जाऊन आज पाचवा दिवस. मिरकरवाडा बंदरातल्या निम्म्या बोटी त्यांच्या कारखान्यातला बर्फ घेत. विनीत सरांच्या कंपनीनं एमआयडीसीत नवा, भला मोठा बर्फाचा कारखाना उभा केला होता, आणि पावसाळी बंदी उठून बोटी समुद्रात जायला अठरा दिवस उरले होते. भास्करशेटच्या मागे कारखाना कोण बघणार, बोटी कोणाकडे वळतील, ही माहिती काढायला दोघं दुखवट्याला आले होते. या कामाला कंपनीत मार्केट इंटेलिजन्स म्हणतात. मिरकरवाड्यात चोंबडेपणा म्हणतात, आणि त्याला पगार नसतो.

गाडीत सरांनी उजळणी घेतली होती. चहा दिला तर घ्यायचा नाही. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, मुकाट उठायचं. आणि हे ते कुणाला शिकवत होते, तर या घरापासून चार घरांवर वाढलेल्या, कॉलेजच्या सुट्टीत भास्करकाकांच्याच कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढलेल्या निलेशला. तोही मान हलवत ऐकत होता.

सर पांढरा शर्ट घालून आले होते. फोटोपुढच्या दिव्याला त्यांनी हात जोडले, पण डोळे शेजारच्या कॅलेंडरवर होते. कुठल्या बोटीला कधी किती बर्फ, ते भास्करशेटनी तिथं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. सर हात जोडून जरा जास्तच वेळ उभे राहिले. बघणाऱ्याला वाटलं असेल, केवढी माया! निलेशला किळस आली.

मग सर ओटीवरच्या पुरुषांत जाऊन बसले आणि "फार वाईट झालं हो" म्हणत एकेकाला त्याच्या बोटीचं नाव विचारू लागले. निलेश आत गेला. भास्करशेटची बायको, मालनकाकी, चटईवर बसली होती. तिनं त्याचं मनगट धरून त्याला शेजारी बसवलं.

"तुजीच वाट बगत व्हते रे. कोनाला बोलू नको, पन तुला म्हून सांगते. आमचा समर्थ जहाजावरची नोकरी सोडनार नाय. काल फोनवर बोल्ला. त्यो नसला तरी मी चालवीन कारखाना, मला येतंय समदं. फक्त बोटी एकदा दर्यात जाऊ देत. त्याच्या आदी ह्ये भायेर फुटलं, तर मागं पुरुष मानूस नाय म्हून एकेक बोटवाला निघून जाईल."

"नाय बोलत काकी," तो म्हणाला. तेव्हा ते खरंही होतं.

थोड्या वेळानं सर आत येऊन समोरच्या भिंतीशी टेकले. मान खाली, चेहरा दुःखी, फोन मांडीवर. चटईवर पडलेला निलेशचा फोन थरथरला. 'मुलगा परत येतोय का?'

त्यानं फोन पालथा घातला. तो पुन्हा थरथरला. '??'

भाकरीसाठी माणसाला करावं लागतं, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण त्याच्या भाकरीला कुणी हात घातला नव्हता, नोकरीचं कुणी नावसुद्धा काढलं नव्हतं. समोरून फक्त दोन प्रश्नचिन्हं आली होती, आणि तेवढ्यानं भागलं. त्यानं काकीच्या हातातून मनगट सोडवून घेतलं आणि लिहिलं, 'नाही. जहाज सोडणार नाही.'

समोर भिंतीशी सरांचा फोन टिंग करून वाजला.

काकीनं मान वर केली. आधी सरांकडे पाहिलं, मग निलेशच्या अंगठ्याकडे. तीस वर्षं तिनं जेटीवर मासळीचे लिलाव पुकारले होते. कोण कोणासाठी बोली लावतोय, हे तिला माणसाच्या भुवईवरून कळत असे. तिनं पदर तेवढा सारखा केला.

सर उठले. रीतीप्रमाणे, मुकाट. फोटोला हात जोडले आणि बाहेर पडले. काम झालं होतं, आता बसण्यात अर्थ नव्हता. निलेशही उठला. काहीतरी बोलायलाच हवं असं त्याला वाटलं, आणि रोज ऑफिसातून निघताना जे म्हणायचा तेच तोंडून गेलं.

"येतो, काकी."

ओटीवरच्या माणसांनी वळून पाहिलं. कुणीतरी खाकरलं. चपलेत पाय घालता घालता सर थबकले.

"ये," मालनकाकी म्हणाली. आवाज अगदी शांत होता, बाहेरच्यांना तो मायेचाच वाटला असेल. "तेराव्याला ये जेवायला. तुज्या सायबालापन आन. बोटवाले समदे एका पंगतीत बसतील, मोजायला बरं."