लांब रोल

खग्रास सूर्यग्रहण माणसाच्या नशिबी एकदाच येतं. फोटोग्राफरच्या नशिबी ते दुसऱ्यांदा आलं होतं, आणि ते बरंच झालं, कारण पहिल्या वेळी जातीने हजर असूनही त्याने ते पाहिलं नव्हतं. ऐन अंधार पडला आणि त्याचा बारा फोटोंचा रोल संपला. मान खाली घालून दुसरा भरेपर्यंत वर लख्ख ऊन पडलं होतं.

तेव्हापासून त्याच्या सगळ्या दुःखांचं मूळ एकच होतं. आखूड रोल.

लांब रोलमध्ये फिल्मच्या पाठीला कागद नसतो. त्यामुळे तेवढ्याच रिळावर दुप्पट फिल्म मावते आणि न थांबता चोवीस फोटो निघतात. हे त्याला पटेपर्यंत कंपन्यांनी तो बनवणं बंद केलं. पुष्कळ वणवण केल्यावर एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटात एकच सापडला. तो फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात राहायला आला. अंडी बाहेर गेली.

"माझ्या माहेरच्यांची कधी एवढी बडदास्त ठेवली नाहीत," बायको म्हणायची.

आज तो रोल कॅमेऱ्यात होता आणि दोघं गच्चीवर होते. सूर्य पूर्ण झाकला गेला. खाली रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले. फोटोग्राफर कॅमेऱ्याला डोळा लावून खटाखट फोटो काढत सुटला. बारावा निघाला आणि कॅमेरा अडला.

त्याचा अंगठा बाजूच्या खिट्टीवर गेला. लांब रोल भरला की ती बारावरून चोवीसवर सरकवायची असते. ती जन्मभर बारावर होती. आजही बारावरच होती.

"काय झालं?"

"खिट्टी राहिली गं. कॅमेरा म्हणतोय, रोल संपला."

"मग आता तरी वर बघा."

त्याने वर पाहिलं.

भर दुपारी आकाशाला एक काळंभोर, वाटोळं भोक पडलं होतं. त्याच्या कडेने पांढरा उजेड पिंजलेल्या कापसासारखा पसरला होता. शेजारी एक तारा स्वस्थ चमकत होता. आणि क्षितिजावर चारी दिशांना एकदमच संध्याकाळ झाली होती. त्याने बायकोचं मनगट घट्ट धरलं. आपण ते धरलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग काठावर एक ठिणगी पेटली आणि ऊन परत आलं.

त्याने कॅमेरा खाली ठेवला. मग म्हणाला, "मागच्या वेळीही असंच होतं?"

"अगदी असंच."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोलबद्दल बोलत होतात."

पुढच्या आठवड्यात त्याने फिल्म धुतली. बाराही फोटो नीट आले होते. प्रत्येकात सूर्य मोहरीएवढा होता. ती लेन्स लांबचं जवळ आणणारी नव्हतीच; माणसांचे चेहरे काढायची होती.