सुटलेली वायर

काका वारल्यापासून वीज गेली तरी काकूंचा कॉम्प्युटर बंद पडत नसे. फक्त शेजारची काकांची रिकामी खुर्ची हलकेच करकरायची.

लेकीने पाठवलेल्या मेकॅनिकने यूपीएस उघडला. “काकू, बॅटरीची वायर तर सुटलेलीच आहे! हा चालतो कशावर, तुमच्या पुण्याईवर?”

“यांनीच सोडवली होती. नवी बॅटरी आणतो म्हणून गेले, ते...”

त्याने नवी बॅटरी बसवली. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा यूपीएस शहाण्यासारखा टीं टीं करत राहिला. खुर्ची मात्र गप्प. काकूंना घर खायला उठलं.

वीज आल्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन वायर सोडवली आणि वाट पाहत बसल्या.

अखेर पंखा थांबला. स्क्रीन उजळलेलाच राहिला. खुर्ची करकरली आणि काकूंच्या हातातला स्क्रूड्रायव्हर कुणीतरी अलगद काढून घेतला.