चारही ठिकाणी एकच भाव

"तीनशे नव्वद म्हणजे तीनशे नव्वद! हे तीनशे ऐंशी कुठून आले?"

दुकानदार ओरडला तशी बायकोने लॅपटॉपवरचे हात मांडीवर घेतले.

"चुकून झालं असेल हो."

"चुकून! आणि नेमकं त्या मरून रंगाच्या पायपुसण्याचंच बरं चुकतं?"

दुकान म्हणजे घराची मागची खोली. छतापर्यंत पायपुसण्यांचे गठ्ठे, मधे एक टेबल, टेबलाशी बायको आणि तिच्या मागे उभा तो. माल चार ठिकाणी विकला जायचा: एक बडी साइट, दोन छोट्या आणि चौथी त्याची स्वतःची. बड्या साइटचा नियम साधा होता. वस्तूचा भाव चारही ठिकाणी एकच हवा. कुठे दहा कमी-जास्त दिसले की ताकीद. तिसऱ्या ताकिदीला दुकान बंद. दोन ताकिदी येऊन गेल्या होत्या, आणि अर्ध्याहून जास्त विक्री त्या एका साइटवर होती.

त्याची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. छोट्या साइटने सेल लावला की बडी डोळे वटारणार, बडीचं ऐकावं तर छोटी रुसणार. "चार सासवांची एकटी सून झालोय मी," असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. बायको हसत नसे. तिला विनोद कळतच नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

बरं, बाहेर जायचीही सोय नाही. पाठ फिरली की भाव चुकलाच म्हणून समजा. बायकोचं चित्त थाऱ्यावर राहावं म्हणून त्याने तिचा फोनसुद्धा स्वतःकडे घेतला होता. तिच्या माहेरचे लोक भाव भरताना मध्येच "कशी आहेस गं?" सुरू करायचे, मग शून्य इकडचं तिकडे होणार नाही तर काय! एवढं करूनही बाईसाहेबांचं ये रे माझ्या मागल्या.

त्यात एक चक्रम गिऱ्हाईक मागे लागलं होतं. मरून पायपुसण्याचा भाव चुकला रे चुकला, की याची ऑर्डर हजर. स्वस्त असो की महाग. पत्ता कुठल्याशा औषधांच्या दुकानाचा. आज तर त्याने दुकानदाराच्या साइटवर अभिप्रायही लिहिला होता. दुकानदाराने तो मोठ्याने वाचला.

"'मिळालं. पण एवढ्यावर जीव भागत नाही. न्यायला कधी येऊ?' आता बोला! अरे बाबा, न्यायला कशाला येतोस, घरपोच देतो ना आम्ही!" तो खो खो हसला. "इतकी पायपुसणी करतं काय हे येडं? पांघरून झोपतं की काय?"

"असेल कुणाला गरज," बायको म्हणाली.

त्याचं हसू पुरतं ओसरलंही नव्हतं, तोच बड्या साइटकडून फोन आला. तिसरी ताकीद. दुकान बंद. चालू ठेवायचं असेल तर आजच चार वाजता कागदपत्रं घेऊन कार्यालयात या, स्वतः.

तो मटकन गठ्ठ्यावर बसला. इतक्या वर्षांची मेहनत त्या ऐंशीने पाण्यात घातली होती. न जावं तर दुकान जातं. जावं, तर साडेचारला पार्सलवाला येणार, त्याला माल मिळाला नाही तर छोट्या साइटही कावणार. चहूबाजूंनी कोंडल्यासारखं झालं त्याला.

शेवटी त्याने कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ऐक. साडेचारला पार्सलवाला येईल. जाळीचं दार उघडायचं, गठ्ठे द्यायचे, दार लावायचं. गप्पा नकोत."

"बरं."

"आणि भावांना हात लावशील तर याद राख."

त्याने चारही ठिकाणचे भाव स्वतः तपासले. सगळीकडे तीनशे नव्वद. मग पायात चपला सरकवल्या.

"तुम्ही निवांत जा," ती म्हणाली आणि चक्क हसली. त्याला बरं वाटलं. काहीही म्हणा, वेळेला आपलं माणूसच उपयोगी पडतं.

कार्यालयात त्याला ताटकळत बसवलं. आत बोलावलं तेव्हा पाच वाजून गेले होते. टेबलामागच्या बाईंनी कागद चाळले, त्याची गयावया ऐकली आणि जरा नरमाईने म्हणाल्या, "ठीक आहे, शेवटची संधी देते. आधी बाकीच्या ठिकाणचे भाव पाहू."

पहिली छोटी साइट ठीक. दुसरी ठीक. मग त्यांनी त्याची स्वतःची साइट उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मरून पायपुसणं इथे चारशे तीस दिसतंय."

"शक्यच नाही! मी आत्ता बघून निघालोय!"

"घरी फोन करून विचारा मग."

त्याने खिशात हात घातला, फोन काढला, मग दुसरा काढला. दोन्ही टेबलावर ठेवून तो नुसताच बघत राहिला.

"हा दुसरा कुणाचा?"

"बायकोचा. माझ्याकडेच असतो."

बाईंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि स्क्रीन खाली सरकवली.

"नवा अभिप्राय आहे. आत्ताच आलाय. यात तर पायपुसण्याबद्दल काहीच नाही."

"काय लिहिलंय?"

बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

'मिळाली. फार वाळलीय. आता परत पाठवणार नाही.'