चिखलात पळणारी सायकल

आमचे भाऊजी सायकल शर्यतीत शेवटचे आले. घरात मात्र हे घडलेलंच नाही, कारण "शेवटचे आलात तर सायकल विकायची," अशी ताईची अट आहे.

चिखल, वाळू, खडी, डांबर, सगळीकडे पळणारी सायकल हवी म्हणून भाऊजींनी वर्षभर दुकानदाराचं डोकं खाल्लं. माझ्या सायकलीला ते भंगार म्हणाले. शेवटी पांढरीशुभ्र, उचलायला हलकी अशी एक घेतली आणि बैठकीच्या खोलीत गादीवर ठेवली.

एकाच मार्गावर अनेक फेऱ्या मारायच्या या शर्यतीत अडथळा आला की सायकल खांद्यावर घेऊन पळायची मुभा असते. पहिला चिखल दिसताच भाऊजींनी ती उचलली, ती शेवटच्या रेषेपर्यंत खाली ठेवलीच नाही. मी भंगारावरून त्यांना दोनदा मागे टाकलं.

ताईने दारातच चाकं न्याहाळली. "एक ठिपका नाही! शर्यतीला गेला होतात ना?"

कमरेपर्यंत बरबटलेले भाऊजी म्हणाले, "शर्यत रद्द झाली गं."

मग आत जाऊन त्यांनी आयोजकांना मेसेज पाठवला.

"पुढील शर्यतीपूर्वी मार्गावरील चिखल स्वच्छ धुऊन घ्यावा, ही नम्र विनंती."