पिवळा बेल्ट

भरपाईच्या सुनावणीत अधिकारीबाईंनी फोटो टेबलावरून गवंड्याच्या चाकाच्या खुर्चीकडे सरकवला. फोटोत तो स्वतःच होता. इमारतीच्या पायथ्याशी वाळूत उताणा पडलेला, आणि कमरेला सुरक्षेचा पिवळा बेल्ट.

कंपनीच्या वकिलाने आपलं म्हणणं आधीच वाचून दाखवलं होतं. बेल्ट दिलेला होता, कमरेला बांधलेलाही होता. गवंड्याने त्याचा हूक दोरीत अडकवला नाही. तेव्हा तो पडला आपल्याच हलगर्जीपणाने, आणि भरपाईवर त्याचा हक्क उरत नाही. मेहुण्याचा लेखी जबाब सोबत जोडला होता : सकाळी काम सुरू करताना बेल्ट मीच बांधून दिला.

मेहुणा, म्हणजे गवंड्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, समोरच्या बाकावर साइटच्या मुकादमाला खेटून बसला होता. त्याचं काम अजून त्याच साइटवर चालू होतं. आत आल्यापासून त्याने बहिणीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

गवंड्याने अधिकारीबाईंना आधी नमस्कार केला. उठून उभं राहता येत नाही, उद्धट समजू नका, म्हणाला. बाई जराशा हसल्या. बायको हसली नाही. चार महिने ती त्याला एकच गोष्ट विनवत होती. साइटवर बेल्ट कुणालाच मिळत नव्हते, तेवढंच खरं काय ते सांगा. आणि दरवेळी तो म्हणायचा, बांधल्याचं मला आठवतंय, मग नाही कसं म्हणू? देवाला तोंड दाखवायचंय.

"बेल्ट होता?" बाईंनी विचारलं.

"होता. यानेच बांधला."

बायकोने डोळे मिटले. मांडीवर तिचे हात जोडलेले होते, ते तसेच राहिले. वकिलाने पेनाला टोपण लावलं.

बाईंना जबाब पुरा लिहून घ्यायचा होता. कसा बांधला, तेही सांगा, म्हणाल्या.

गवंडी आठवून आठवून सांगू लागला. मेहुण्याला बक्कल काही केल्या लावता येईना. पट्टा पाठीखालून ओढला तेव्हा सदऱ्यात वाळू गेली, गरम वाळू. मेहुणा अंगावर वाकलेला होता, आणि त्याच्या डोक्यामागे, पार वर, ज्या परांचीवर काम करत होतो तिची फळी एका दोरीला लोंबत होती. हलत होती अजून.

बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला.

"फळी लोंबत होती," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही तेव्हा खाली पडलेले होता."

गवंड्याने फोटो उचलून पुन्हा पाहिला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

मुकादम कळवळून म्हणाला की डोक्यालाही मार बसलाय बिचाऱ्याच्या, कधीचं काय कधी आठवतं, त्याचं बोलणं काय मनावर घ्यायचं. बोलता बोलता त्याने मेहुण्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सहज ठेवावा तसा.

गवंड्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो मेहुण्याकडे पाहत होता. डोळ्यांत राग नव्हता. घरातली हरवलेली वस्तू कुणी पाहिली का, असं विचारताना माणूस पाहतो, तेवढंच.

"तेव्हा तू माझ्या कानाशी काहीतरी बोललास," तो म्हणाला. "रोज पहाटे तो आवाज येतो. शब्द लागत नाहीत."

बायकोला ते ठाऊक होतं. दिवस उजाडायच्या आधी तो भिंतीकडे तोंड करून "काय? काय?" असं विचारत राहायचा, आणि ती शेजारी जागी पडून ऐकायची.

"काय म्हणालास रे?"

मेहुण्याने पहिल्यांदा बहिणीकडे पाहिलं. गुडघ्यावरची मुकादमाची बोटं रुतायला लागली होती.

"दाजी, हलू नका, म्हणालो," तो म्हणाला. "मुकादम फोटो काढतायत."